नर निवडुंग, मादी निवडुंग: बचावाची रसायनं मोजायची कशी

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं मला अधूनमधून विचारतात: मॅडम, निवडुंगाची मादी नरापेक्षा जास्त कडू असते का, आणि ते प्रोजेक्टमध्ये कसं दाखवायचं? प्रश्न मला मनापासून आवडतो. माझं स्वतःचं काम मेक्सिकोच्या मध्य पठारावरच्या नोपालांवर, म्हणजे फड्या निवडुंगाच्या तिकडच्या भाऊबंदांवर चालतं. त्यामुळे उत्तर तिथल्या झाडांच्या आधाराने देते. महाराष्ट्रात बसून काय करता येईल ते शेवटी सांगते.

आधी झाड कोणतं घ्यायचं ते ठरवा. आपल्या सांगोल्या-जतकडच्या बांधांवर जो फड्या दिसतो, त्याच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. बहुतेक निवडुंग असेच. लिंगं वेगळी झालेल्या जाती थोड्या आहेत. ओपन्शिया स्टेनोपेटाला ही मेक्सिकोतली जात सरळ दोन लिंगांची: नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. ओपन्शिया रोबस्टाचे फडे, म्हणजे पानांसारखी दिसणारी चपटी खोडं, मोठे, जवळजवळ गोल, निळसर झाक असलेले, आणि तिच्या काही वस्त्यांत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तिन्ही झाडं एकाच माळावर मिळतात. सोनोराच्या वाळवंटातला आणि बाखा कॅलिफोर्नियातला कार्दोन, म्हणजे पॅकिसेरियस प्रिंगलेइ, हाही तीन लिंगांचा. पण त्याची फुलं एवढ्या उंचावर आणि रात्री उमलतात की नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. बाखातच मॅमिलॅरिया डायोइका आहे. तिच्यात उभयलिंगी झाडं आणि मादी झाडं असतात.

माझी शिफारस रोबस्टाची, आणि तीही तिन्ही लिंगं असलेल्या वस्तीची. का, ते समजायला प्रश्नामागचा विचार पाहायला हवा.

मादीला फळं धरावी लागतात, बिया भराव्या लागतात. तिचा खर्च जास्त, म्हणून तिची वाढ हळू, म्हणून एकेक फडा तिला जास्त मोलाचा, म्हणून ती तो जास्त रसायनं घालून राखेल. नर भराभर वाढेल आणि जास्त खाल्ला जाईल. हा तर्क दोन लिंगांच्या अनेक झाडांवर तपासला गेला आहे. २००५ मध्ये तात्याना कॉर्नेलिसेन आणि पीटर स्टिलिंग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नर झाडांवर किडी आणि नुकसान जास्त, मादीत बचावाची रसायनं जास्त, असंच चित्र निघालं. मग २०२२ मध्ये रिसा सार्जेंट आणि एव्हरी मकीओ यांनी जास्त माहिती घेऊन तेच पुन्हा केलं आणि लिंगाप्रमाणे असा कल सापडत नाही असं लिहिलं. प्रश्न अजून उघडा आहे, म्हणून तुमच्या मोजणीला किंमत आहे.

माझं म्हणणं असं की या गुंत्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात: झाडाचं लिंग आणि झाडावरचा फळांचा भार. मादीत फिनॉल (बचावाच्या रसायनांतला एक गट) जास्त निघाले तर ते ती मादी आहे म्हणून, की त्या वर्षी तिच्यावर चाळीस फळं लगडली होती म्हणून? हे वेगळं करता येईल असा प्रयोग मांडला नाही, तर प्रयोगशाळेत कितीही बारकाईने काम केलं तरी उत्तर मिळत नाही. उभयलिंगी झाडं इथे उपयोगी पडतात: ती फळंही धरतात आणि परागही करतात.

परवानग्या

हे काम फुलोऱ्याच्या कितीतरी महिने आधी सुरू करा. मेक्सिकोत नमुने गोळा करायला तिथल्या पर्यावरण मंत्रालयाचा, म्हणजे सेमार्नातचा, वैज्ञानिक परवाना लागतो. जमीन बहुधा एहिदोची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची असते, म्हणून गावसभेचा होकारही लागतो. तो कागदापुरता घेऊ नका. कोणत्या झाडाला कधीच तुना, म्हणजे फळ, लागत नाही हे तिथल्या मेंढपाळांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक असतं. त्यांच्यासोबत माळावरून एक फेरी मारली की अर्ध्या नरांचा पत्ता लागतो. निवडुंगांचं जवळजवळ सगळं कुळ साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात येतं, त्यामुळे रानातल्या झाडाची वाळवलेली भुकटीसुद्धा परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही. विश्लेषण तिथल्याच विद्यापीठात करणं सगळ्यात सोपं.

लिंग ओळखणं

फूल नसताना नर आणि मादी यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून खुणा फुलोऱ्यातच करायच्या. पठारावर तो वसंतात येतो. फूल उमललेलं असताना परागकोशांवरून बोट फिरवा. नराच्या आणि उभयलिंगीच्या फुलात बोट पिवळं होतं. मादीचे परागकोश असतात, पण खुरटलेले आणि रिकामे. मग कुक्षी बघा: मादीत तिचे जाडजूड लोब पसरलेले दिसतात, नरात कुक्षी खुरटलेली किंवा मिटलेली राहते. शेवटी धारदार ब्लेडने फुलाचं बूड उभं चिरा. निवडुंगात अंडाशय खोडाच्या मांसात बुडालेला असतो, म्हणून फुलाच्या बुडावरही काट्यांचे डोळे असतात. चिरल्यावर आत बीजांडांची गर्दी दिसली तर मादी किंवा उभयलिंगी. पोकळी लहान आणि जवळपास रिकामी दिसली तर नर.

एका फुलावर कधीच थांबू नका. झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंची निदान पाच फुलं बघा आणि फळधारणेच्या वेळी त्याच झाडाकडे परत जा. ज्याला नर म्हटलं त्यावर बिया भरलेली फळं दिसली तर तो नर नव्हे. खुणेसाठी ॲल्युमिनियमची पट्टी वापरा. प्लास्टिकची तिथल्या उन्हात तडकते, आणि गुरं ती चावतात.

झाडं निवडताना आणखी एक सावधगिरी. फडा गळून पडला की तिथेच मुळं धरतो. शेजारची पाच मादी झाडं बऱ्याचदा एकाच झाडाचे तुकडे असतात. त्यांना पाच धरलंत तर हिशेब खोटा पडेल. मी दोन झाडांत भरपूर अंतर ठेवते आणि मधे दुसऱ्या लिंगाचं झाड असेल अशी जागा शोधते. जनुकीय तपासणीची सोय असेल तर ती करून घ्याच. प्रत्येक लिंगाची निदान वीस झाडं हवीत असं माझं मत आहे. त्याहून कमी असतील तर झाडाझाडांतला फरकच लिंगाचा फरक गिळून टाकतो.

कोणता फडा, कोणत्या वेळी

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. फड्याचं वय बदललं की त्यातली रसायनं बदलतात. कोवळा फडा मऊ, पाणीदार. दोन-तीन वर्षांचा फडा तंतुमय आणि स्फटिकांनी भरलेला. फुलं बहुधा टोकाच्या, गेल्या वर्षी आलेल्या फड्यांच्या कडेवर येतात. तेच घ्या, सगळ्या झाडांवर तेच. मादी आणि उभयलिंगी झाडांवरून दोन फडे निवडा: एक फळं असलेला, एक फळं नसलेला. दोन्ही एकाच दिशेला तोंड असलेले. उन्हातल्या आणि सावलीतल्या फड्यांत फिनॉलिक संयुगांचा फरक एवढा असतो की त्यात लिंगाचा फरक लपून जाईल.

वेळेचं तर विचारूच नका. निवडुंग रात्री रंध्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा ते आम्ल वापरून साखर बनवतो. पहाटे फडा आंबट लागतो, संध्याकाळी सपक. नरांचे नमुने सकाळी आणि माद्यांचे दुपारी घेतले, तर तुम्ही घड्याळ मोजाल. मी सूर्योदयानंतरचा एक ठरावीक तास पकडते आणि त्या तासात तिन्ही लिंगांची झाडं आलटूनपालटून घेते. एका सकाळी सगळी होत नाहीत, म्हणून प्रत्येक सकाळच्या गटात तिन्ही लिंगं सारख्या संख्येने ठेवते.

अख्खा फडा तोडायची गरज नसते. कॉर्क बोअररने (गोल भोक पाडायच्या धारदार नळीने) फड्याच्या मध्यावरून, सालीसकट, गोल चकत्या काढा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना बोअरर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर सड तुम्हीच पसरवाल. ज्या फड्याला भोक पाडलं त्यातून पुन्हा नमुना घेऊ नका. जखम झाली की झाड आपली रसायनं बदलतं. कुसळांसाठी जाड कातडी हातमोजे आणि लांब चिमटा हवा. वाऱ्याच्या दिवशी डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यात गेलेलं कुसळ ही गंमत नाही.

चकत्या लगेच कोरड्या बर्फात टाका आणि नंतर गोठवून वाळवा. ती सोय नसेल तर दोन मिलिमीटर जाडीचे काप करून चाळीस अंश सेल्सियसला हवा खेळती ठेवून वाळवा. जो काप वाळताना तपकिरी झाला त्यातले फिनॉल ऑक्सिडीभवनाने गेलेले असतात. तो टाकून द्या. ओलं वजन आणि कोरडं वजन दोन्ही नोंदवा. फड्यात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे सगळे आकडे कोरड्या वजनावर मांडले नाहीत तर पावसाचा एक शिडकावा निकाल फिरवेल.

प्रयोगशाळेत

नोपालांच्या बाबतीत तीन गोष्टी मोजण्याजोग्या आहेत: फिनॉलिक संयुगं, ऑक्झॅलेट (ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार) आणि चिकटा, म्हणजे फड्यातला बुळबुळीत पदार्थ. अल्कलॉइडांचा मोह आवरा. सोनोरातल्या सेनिता निवडुंगात लोफोसेरीन, पिलोसेरीन अशी अल्कलॉइडं भरपूर असतात. त्याच्या कुजक्या खोडात बहुतेक फळमाश्या मरतात आणि ड्रॉसोफिला पाकिया नावाची एक माशी मात्र तिथेच वाढते. नोपालांत अल्कलॉइडं एवढी कमी असतात की अल्कलॉइडं ओळखायच्या ड्रॅगेनडॉर्फ चाचणीत आलेला नारिंगी रंग बऱ्याचदा दुसऱ्याच कशामुळे आलेला असतो.

फिनॉलसाठी अर्धा ग्रॅम भुकटी ८० टक्के मिथेनॉलच्या दहा मिलिलिटरमध्ये हलवत ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करा. चिकटा अल्कोहोलमध्ये खाली बसतो. तो टाकू नका, वाळवून वजन करा, म्हणजे तिसऱ्या गोष्टीचा ढोबळ अंदाज आयताच मिळतो. वरच्या द्रावाला फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक आणि सोडियम कार्बोनेट घाला, अंधारात ठेवा आणि ७६५ नॅनोमीटरला वाचा. प्रमाण म्हणून गॅलिक आम्ल. हा अभिकर्मक फिनॉलांपुरता थांबत नाही, क जीवनसत्त्वालाही रंग देतो, आणि नोपालात ते असतं. म्हणून त्याच द्रावाचा एक भाग पीव्हीपीपी भुकटीने ढवळून गाळा. ती फिनॉल धरून ठेवते. गाळलेल्या द्रावात जो रंग उरेल तो मूळ आकड्यातून वजा करा. ही पायरी गाळलेले प्रबंध मी पाहिले आहेत आणि त्यातल्या आकड्यांवर माझा भरवसा बसत नाही. एचपीएलसी (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) मिळाली तर आयसोऱ्हॅमनेटिन आणि क्वेर्सेटिन यांची ग्लायकोसाइडं वेगळी मोजा.

ऑक्झॅलेटवर मी जास्त वेळ घालवते, कारण ते दिसतं. ओपन्शियाच्या सालीखालच्या थरात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे काटेरी, चांदणीसारखे स्फटिक ओळीने बसलेले असतात. पातळ काप ब्लीचमध्ये पारदर्शक करा आणि सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवीकारक काचांमध्ये ठेवा. स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. महागडा सूक्ष्मदर्शक नसेल तर जुन्या पोलरॉइड चष्म्याच्या दोन काचा आडव्या-उभ्या ठेवूनही काम होतं. खात्रीसाठी एका कापावर ॲसेटिक आम्ल आणि दुसऱ्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. ऑक्झॅलेट पहिल्यात टिकतं, दुसऱ्यात बुडबुडे न येता विरघळतं. बुडबुडे आले तर ते कार्बोनेट. मग ठरावीक क्षेत्रातले स्फटिक मोजा.

वजनी मोजणीसाठी भुकटीचे दोन भाग करा: एक गरम पाण्यात, एक गरम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात. पहिल्यातून विरघळणारं ऑक्झॅलेट मिळतं, दुसऱ्यातून एकूण. वजाबाकी म्हणजे स्फटिकांतलं. पोटॅशियम परमँगनेट थेट ओतू नका. निवडुंगाच्या रसात मॅलिक आम्ल आणि साखरा असतात आणि त्याही परमँगनेट खातात. आधी कॅल्शियम क्लोराइड आणि अमोनिया घालून ऑक्झॅलेट खाली बसवा, ते धुवा, सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवा, ७० अंशांपर्यंत तापवा आणि मग टायट्रेशन करा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. ०.०५ नॉर्मल परमँगनेटचा एक मिलिलिटर म्हणजे २.२५ मिलिग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल.

खाणाऱ्यांची नोंद

नुसती रसायनं मोजून तो बचाव ठरत नाही. बचाव कोणापासून, ते झाडावर बघावं लागतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातला पांढऱ्या गळ्याचा वुडरॅट ऑक्झॅलेटने भरलेले फडे आनंदाने खातो, कारण त्याच्या आतड्यातले जिवाणू ऑक्झॅलेट पचवतात. त्याच्यासाठी ते स्फटिक बचाव नव्हेत. तेव्हा ज्या झाडांचे नमुने घेतले त्याच झाडांवर प्रत्येक खाणाऱ्याची वेगळी नोंद करा. पांढरा कापूस आणि दाबल्यावर लाल रंग: कोचिनील किडा. तो लाल रंग, कार्मिनिक आम्ल, किड्याचा स्वतःचा बचाव आहे, झाडाचा नव्हे. फिकट गोल वळी: चेलिनिडिया ढेकणाने रस शोषलेला. फुगलेला फडा आणि बुडाशी विष्ठेचा ढीग: आत लानिफेरा सायक्लेडसच्या पांढऱ्या अळ्या. समांतर दातांच्या खुणा उंदरांच्या, फाटलेली कड गुरांची. दुष्काळात तिथले शेतकरी फड्यांचे काटे जाळून ते गुरांना घालतात. अशी काजळलेली झाडं यादीतून काढा. क्षेत्र मोजायला पारदर्शक प्लास्टिकवर शंभर चौकटी आखून घ्या.

नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेल्या अळ्यांचा घोळका दिसला तर हात लावू नका, लगेच कृषी खात्याला कळवा. तो कॅक्टोब्लास्टिस, म्हणजे निवडुंग पोखरणारा पतंग, असू शकतो. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर पोचला होता आणि मोठ्या कष्टाने निपटावा लागला.

फळं काढून पाहणं

आता मुख्य प्रयोग. मादी झाडांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करा. एका गटाच्या सगळ्या कळ्या उमलण्याआधी खुडा, दुसऱ्याला फळं धरू द्या. उभयलिंगींचंही तसंच. नरांच्याही अर्ध्या झाडांच्या कळ्या खुडा, म्हणजे खुडण्याच्या जखमेचा परिणाम वेगळा दिसेल. फळं भरत आली की सगळ्यांचे नमुने वर सांगितल्याप्रमाणे घ्या. कळ्या खुडलेल्या माद्या नरांसारख्या निघाल्या तर फरक भाराचा होता. खुडूनही त्या वेगळ्याच राहिल्या तर फरक लिंगाशी बांधलेला आहे. एका हंगामात समाधान मानू नका. ओपन्शियात एका वर्षीच्या फळांचा खर्च पुढच्या वर्षीच्या नव्या फड्यांतून वसूल होऊ शकतो, तेव्हा त्याच झाडांवर पुढच्या वसंतात नवे फडे मोजा.

हिशेबात एकक म्हणजे झाड. फडा नव्हे, चकती तर नव्हेच. झाड यादृच्छिक घटक म्हणून, लिंग आणि फळांची संख्या दोन्ही स्वतंत्र घटक म्हणून एकाच मॉडेलमध्ये घाला. आणि नमुन्यांवर फक्त क्रमांक लिहा. टायट्रेशन करणाऱ्याला झाडाचं लिंग कळता कामा नये.

महाराष्ट्रात असाल तर

सोलापूर-सांगलीकडच्या फड्यावर वरची प्रत्येक मोजणी सरावासाठी करता येते, फक्त लिंगांची तुलना करता येत नाही. कोचिनीलचे प्रयोग मात्र करू नका. १९२६ मध्ये डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा कोचिनील किडा श्रीलंकेतून भारतात माजलेल्या फड्यावर उपाय म्हणून आणला गेला. हाच किडा २०१४ मध्ये मोरोक्कोत दिसला आणि तिथल्या निवडुंगाच्या कुंपणांची त्याने वाट लावली. आता बायफसारख्या संस्था आपल्याकडे चाऱ्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग लावतायत. तुमच्या पिशवीतून एक किडा तिथे गेला तर शेतकऱ्याचा चारा जाईल.

लिंगांच्या तुलनेसाठी आपल्याकडे पपई आहे. तिच्यातही नर, मादी आणि उभयलिंगी झाडं असतात आणि तिचा बचाव चिकात आहे: पपेनसारखी प्रथिनं तोडणारी विकरं. कोतारो कोन्नो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पपईची पानं एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना घातक असतात, पण कापून चीक धुऊन टाकला की त्याच अळ्या ती खाऊन वाढतात. रेड लेडी ही पपईची जात लावू नका; तिच्यात नर झाडच निघत नाही. सीओ-२ किंवा पुसा नन्हा या जातींची रोपं घ्या, त्यात नर आणि मादी मिळतात. फुलं आल्यावर खुणा करा, अर्ध्या माद्यांची फळं बोराएवढी असताना काढा, वरून चौथं-पाचवं पूर्ण उघडलेलं पान एकाच वेळी घ्या, आणि चिकातलं पपेन केसीन पचवण्याच्या चाचणीने मोजा. रोपं जून-जुलैत लावली तर फुलांवरून लिंग पुढच्या काही महिन्यांत कळू लागतं, आणि फळं काढण्याचा प्रयोग त्याच शैक्षणिक वर्षात बसतो.